शिरूर-दौंड भागांतील ख्रिस्ती घरें आणि मुलांचे धर्मसंस्कार

जुन्या कागदांच्या शोधास निघालेला मनुष्य प्रथम काय पाहतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. सनदा, महजर, निवाडे, वंशावळी, बखरी, पोथ्या यांवर त्याची दृष्टि जाते. आणि त्याच पेटीच्या तळाशीं एखादें जुनें मराठी बायबल, पानें सुटलेलें गीतांचें पुस्तक किंवा एखाद्या मुलानें उतरून घेतलेली प्रश्नोत्तरांची वही निघाली, तर तो ती बाजूस सारतो. आम्हींही पुष्कळ वर्षें तसेंच केलें. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाहीं. संस्कृत शिकविण्यांत आमचा जन्म गेला, आणि पोथी म्हटली कीं ती लाल रुमालांत बांधलेलीच असावयाची, अशी आमची समजूत होती. ती समजूत अपुरी होती, हें कबूल करून आम्ही या लेखास आरंभ करितों.

पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांपुरता एकच प्रश्न येथें घेतला आहे. घरांत नव्यानें आलेला धर्म त्या घरच्या मुलाचा कसा होतो? आईबापांनीं तो निवडलेला असतो. मुलास तो नुसता मिळालेला असतो. मिळालेली वस्तु आपली कशी होते, हा प्रश्न कोणत्याही धर्मास चुकलेला नाहीं. मिशनच्या छापील अहवालांत शाळा किती, मुलें किती, बाप्तिस्मे किती, यांचे आंकडे सांपडतात. त्या आंकड्यांच्या आड जें घर असतें तें मात्र घरच्याच कागदांत शोधावें लागतें.

(१) पूर्वपीठिका

मराठी भाषेंतील ख्रिस्ती शिक्षणाचा इतिहास शिरुरास सुरू होत नाहीं. फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें रोमन लिपींत छापून निघालें. ते १६१९ सालीं वारल्यावर त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरावली १६२२ सालीं प्रसिद्ध झाली. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकांतील छापील आवृत्तींची प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळें. त्यांच्याच आधारें साल्डान्या यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तो पुन्हा छापिला, आणि मार्स्डेनच्या संग्रहांतील देवनागरी प्रत लंडनमध्यें आहे.

छापील प्रती नाहींशा झाल्या आणि हातानें उतरलेल्या राहिल्या, यांतील मर्म संग्राहकांच्या ध्यानांत सहज येईल. जो ग्रंथ चारचौघांत मोठ्यानें वाचला जातो, त्याच्याच प्रती लोक पुन्हां पुन्हां करितात. ओंवी ऐकत वाढलेल्या लोकांस ओंवींतच सांगावें, हें स्टीफन्स यांनीं ओळखलें होतें. म्हणजे मुलाच्या कानावर धर्म आला तो वडील माणसांच्या पंक्तीस बसून ऐकतांना. पुढें नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनें केलीं, आणि नारायण वामन टिळकांनीं अभंगाच्या चालीवर गीतें रचिलीं, तीं याच जुन्या वाटेनें. कीर्तनास मूल आईच्या मांडीवर येतें, अर्ध्यावर झोंपतें, आणि तरी त्याला चाल पाठ होते.

(२) शिरूर

शिरूर म्हणजे लोकांच्या बोलण्यांतील घोडनदी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें इंग्रजांची छावणी होती. कोरेगांवच्या लढाईस गेलेली स्टॉंटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ रोजीं येथूनच निघाली. या छावणीवरील कर्नल वॉलेस १८०९ सालीं वारला. त्याच्या थडग्यास आसपासचे हिंदु शेतकरी सत्पुरुषाचें स्थान मानूं लागले आणि नव्या पिकाचें पहिलें धान्य तेथें आणून ठेवूं लागले, ही हकीकत जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. ती येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, या मुलखांत श्रद्धा कोणत्या वाटेनें चालत येते हें तिच्यावरून कळतें. मूल बापाचें बोट धरून जातें, बाप ठेवतो तसें कणीस ठेवतें, आणि 'कां' हें पुष्कळ दिवसांनीं विचारतें. ख्रिस्ती मंडळ्यांतही हंगामाच्या उपासनेस पहिलें फळ आणण्याची चाल आहे. दोन्ही ठिकाणीं मूल प्रथम जातें तें आपल्या माणसांच्या संगतीनें.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ सालीं मुंबईस आलें, १८३१ सालीं त्याचें ठाणें अहमदनगरास बसलें, आणि १८४० नंतरच्या दशकांत शिरुरास त्याची शाखा झाली. जिल्हा पुण्याचा असला तरी मिशनच्या व्यवहारांत शिरूर नगरच्या बाजूचें. पुढें रेव्हरंड विन्सर यांनीं येथें सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या नांवाची उद्योगशाळा चालविली. घायपाताचा वाख काढण्याच्या खटपटीबद्दल त्यांचें नांव झालें होतें. पण या भागांतील मंडळ्या केवळ शाळांनीं उभ्या केल्या असें म्हणतां येत नाहीं. त्या मुख्यतः महार व मांग समाजांतील कुटुंबांच्या होत्या, आणि धर्म एका गांवाहून दुसऱ्या गांवीं गेला तो बहुधा सोयरिकीच्या वाटेनें. मामाकडे गेलेला भाचा तेथील गीत शिकून आला. लेक दिलेल्या घरीं विहिणीनें प्रार्थना ऐकली. खेड्यांतून दिवसा मुलांस अक्षरें शिकविणारा मास्तर आणि संध्याकाळीं उपासना चालविणारा मनुष्य पुष्कळदां एकच असे. अशा गांवीं शाळा, देऊळ आणि शेजार यांत भिंत अशी फारशी नव्हतीच.

(३) बायबलांतील कोरें पान

शिरुराजवळच्या एका घरीं आम्हांस एक जुनें बायबल पाहावयास मिळालें. घरच्या मंडळींच्या इच्छेवरून नांवें देत नाहीं. संपूर्ण मराठी बायबल १८४७ सालीं निघालें. ही प्रत त्यानंतरच्या एका आवृत्तीची आहे. जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो त्यांमधील कोऱ्या पानांवर घरांतील मुलांची नोंद आहे. आरंभींच्या नोंदी मोडींत, बोरूनें लिहिलेल्या. तिथि शकाची, आणि तिच्याशेजारीं इसवी सनाची तारीख. तीन मुलांनंतर अक्षर बदलतें. मोडी जाते, बाळबोध येते. ओळी वांकड्या, काना-मात्रा जड हाताचे. येथून लिहिणारी स्त्री आहे, हें अनुमान नव्हे. एका नोंदीच्या शेवटीं 'लिहितें' असें क्रियापद आहे. पुरुष 'लिहितों' असें लिहिता. ज्या घरांत एका पिढीपूर्वीं कोणासही अक्षरओळख नव्हती असें घरचे सांगतात, त्या घरांत आई आपल्या मुलाचें नांव स्वतःच्या हातानें ग्रंथांत घालते आहे. एवढा एक शब्द अहवालांतील दहा पानांहून अधिक सांगतो.

नोंदींस पांच रकाने आहेत. मुलाचें नांव, जन्म, बाप्तिस्मा, त्या वेळीं मूल कोणीं धरिलें होतें, आणि शेवटचा, मंडळींत स्वमुखानें केलेल्या कबुलीचा दिवस. या पांचव्या रकान्याचें कारण असें. ख्रिस्ती आईबापांच्या तान्ह्या मुलास बाप्तिस्मा देण्याची या मंडळ्यांची रीत आहे. परंतु तें मूल मोठें होऊन मंडळीपुढें आपला विश्वास आपल्या तोंडानें सांगेपर्यंत त्यास प्रभुभोजनांत भाग मिळत नसे. पहिले चार रकाने घराचे. पांचवा त्या मुलाचा.

आणि तो पांचवा रकाना सर्वांपुढें भरलेला नाहीं. दोन नांवांपुढें तो कोराच आहे. तीं मुलें अकालीं गेलीं नव्हतीं. त्यांच्या विवाहाच्या नोंदी मागच्या पानावर आहेत. तीं परगांवीं गेलीं कीं त्यांनीं कबुली दिलीच नाहीं, हें पान सांगत नाहीं. सांगतें तें इतकेंच कीं, आईनें ती जागा भरली नाहीं आणि खोडलीही नाहीं. तशीच राखून ठेविली. मुलाच्या श्रद्धेविषयीं या घराचा काय विचार होता, तो त्या कोऱ्या जागेंत आहे, असें आम्हांस वाटतें.

(४) फुटलेलें घर

शिरूरकडे पुष्कळ ठिकाणीं घरेंच्या घरें एकत्र आलीं, म्हणून मूल कोणाचें हा वाद तेथें सहसा उठला नाहीं. जेथें घरच दुभंगलें, तेथें काय झालें? यासाठीं क्षणभर मुंबईस जावें लागेल. १८४३ सालीं नारायण शेषाद्रि यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारांच्या आसपास, हा भावामागून मिशनरी नेस्बिट यांच्या घरीं राहिला होता. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली, आणि कोर्टानें मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पुढें त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं, यावर मोठें वादळ उठलें. बाळशास्त्री जांभेकर यांनीं घ्यावें असा पक्ष धरिला आणि त्यापायीं स्वतः बोल सोसले.

या प्रकरणाचें वर्णन बहुधा धर्मांतराचा वाद म्हणून केलें जातें. आम्हांस त्यांत एक मूल दिसतें, भावाच्या मागें गेलेलें. श्रीपतास भावाच्या मायेनें ओढिलें कीं सिद्धांतानें, याचा विचार दोन्ही पक्षांनीं थोडाच केला. कोर्टानें वय पाहिलें, शास्त्र्यांनीं प्रायश्चित्त पाहिलें. पुढें १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतर करणाराचा वारसाहक्क राखला गेला. मालमत्तेचा प्रश्न तेवढा सुटला. मुलाच्या मनाचा प्रश्न कायद्याच्या हातीं लागण्यासारखा नव्हताच.

(५) उघडें दार

हाच प्रश्न पन्नास वर्षांनीं पुण्यास पुन्हां उभा राहिला, आणि त्याचा शेवट दौंड तालुक्यांत झाला. पंडिता रमाबाईंचें नांव संस्कृतज्ञांस निराळें सांगावयास नको. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें पहांटेच्या अंधारांत निजलेल्या मुलीस मायेनें उठवून पाठ दिले. उपनिषदांत शिक्षणाचा क्रम सांगतांना आधीं माता, मग पिता, मग आचार्य असा सांगितला आहे. रमाबाईंच्या आयुष्यांत तो अक्षरशः खरा झाला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वॉंटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याबरोबर त्यांची दोन वर्षांची कन्या मनोरमा हिचाही बाप्तिस्मा झाला. तेथील मठांतील भगिनी जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ सालीं ए. बी. शहा यांच्या संपादनाखालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें छापिला, आणि तो प्रत्येक संग्राहकानें पाहण्यासारखा आहे. त्यांत मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून दोघींत तीव्र मतभेद झालेला दिसतो. जे गूढ सिद्धांत स्वतः आपल्यास पटलेले नाहींत ते आपल्या मुलीस शिकविले जाऊं नयेत, मुलीस काय शिकवावें हें आईनें ठरवावें, असा रमाबाईंचा आग्रह. जेराल्डिन यांस वाटे कीं, बाप्तिस्मा दिलेल्या मुलीस मंडळीची संपूर्ण शिकवण मिळालीच पाहिजे. दोघींचेंही मुलीवर प्रेम होतें. वाद प्रेमाचा नव्हता, अधिकाराचा होता.

पुढील गोष्ट सर्वश्रुत आहे, पण ती या पत्रांशेजारीं ठेवून कोणीं वाचलेली आम्हांस आढळली नाहीं. १८८९ सालीं मुंबईस निघालेलें शारदासदन दुसऱ्याच वर्षीं पुण्यास आलें. संस्थेंत धर्मशिक्षण सक्तीचें नसावें, मुलींस आपापले आचार पाळतां यावे, असा नियम होता, आणि सल्लागार मंडळांत रानडे व भांडारकर यांच्यासारखे गृहस्थ होते. रमाबाई आपल्या खोलींत मनोरमेस घेऊन प्रार्थना करीत. खोलीचें दार उघडें असे. हळूहळू कांहीं मुली आंत येऊन बसूं लागल्या. पालकांत गवगवा झाला, वृत्तपत्रांत टीका झाली, १८९३ च्या ऑगस्टांत सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि वीस-पंचवीस मुली घरीं नेण्यांत आल्या.

येथें इतिहासाचा न्याय पाहण्यासारखा आहे. दहा वर्षांच्या आंतच रमाबाई एका आईच्या जागेवरून दुसऱ्या बाजूस आल्या होत्या. आमच्या मुलीस काय शिकवावें हें आम्ही ठरवूं, असें त्यांनीं जेराल्डिन यांस बजाविलें होतें. तेंच पुण्याचे पालक आतां त्यांस बजावीत होते. पालकांचें म्हणणें खोटें होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. आपल्या लेकीसमवेत आपल्या देवाचें नांव घेण्यासाठीं आईनें दार कां लावावें, हा रमाबाईंचा प्रश्नही खोटा नव्हता. त्यांनीं कोणासही आंत बोलाविलें नाहीं, आणि दारही लाविलें नाहीं. मूल जें पाहतें तें सांगितल्यापेक्षां अधिक शिकतें, हें रमाबाई व पालक दोघेही जाणून होते. म्हणूनच त्या उघड्या दाराचें एवढें भय वाटलें.

(६) केडगांव

यानंतर रमाबाईंनीं पुण्याच्या पूर्वेस लोहमार्गावर केडगांव येथें जमीन घेतली. हें गांव आज दौंड तालुक्यांत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून सुमारें ३०० मुली व स्त्रिया आणिल्या. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळांत आणखी आल्या, आणि मुक्तिसदनांतील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. येथें कोणी पालक राजीनामा मागावयास येणार नव्हता. ज्यांच्यासाठीं कोणी भांडणारें नाहीं अशा मुलींच्या बाबतींत त्यांस पोसणाराचा अधिकार निरंकुश होतो, आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीही.

घर नव्हतें, तेथें घर बांधावें लागलें. शारदासदनांत वाढलेल्या मोठ्या मुली नव्या आलेल्या लहानांच्या शिक्षिका व सांभाळ करणाऱ्या झाल्या. कालची निराश्रित आज दुसऱ्या निराश्रितेचे केंस विंचरते आहे, तिला जेवूं घालते आहे, निजतांना तिच्यासह प्रार्थना म्हणते आहे, अशी ही योजना. केवळ भिंती आणि घंटा यांवर चालणारी संस्था मुलास शिस्त देईल. श्रद्धा देण्यास नात्याचें माणूस लागतें. रमाबाईंनीं तीं नातीं जोडण्याची खटपट केली. १९०५ सालीं मुक्तींत जें धार्मिक जागरण झालें त्याची कीर्ति परदेशांपर्यंत गेली; त्यांतील रडणें, मोठ्यानें प्रार्थना करणें यांविषयीं तेव्हांही दोन मतें होतीं. आमच्या मतें त्या वर्षाच्या वादळाहून त्याच्या आधींचा आणि नंतरचा रोजचा क्रम हाच इतिहासाच्या दृष्टीनें अधिक मोलाचा. पण तो कोणी लिहून ठेवीत नाहीं.

त्या रोजच्या क्रमाचें एक स्मारक मात्र छापील आहे. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून बायबलाचें आपलें मराठी भाषांतर केलें. संस्कृतावर एवढा अधिकार असतां त्यांनीं संस्कृतप्रचुर भाषा टाळली. साध्या, अल्पशिक्षित बाईस वाचतां यावें हा हेतु. मुक्तीच्याच छापखान्यांत तेथील स्त्रियांच्या हातून तें छापलें गेलें आणि १९२४ सालीं पुरें झालें. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या होत्या. मनोरमाबाई त्यांच्या आधींच, १९२१ सालीं गेल्या. ज्या मुलीच्या शिक्षणावरून वॉंटेजास वाद झाला, आणि जिच्यासह केलेल्या प्रार्थनेवरून पुण्यास, ती मोठी होऊन आपण होऊन आईच्या कामांत आली आणि शेवटपर्यंत तेथेंच राहिली. तिच्या पांचव्या रकान्यांत काय लिहावें हें तिनेंच ठरविलें.

(७) समारोप

एवढ्या विवेचनावरून निघतें तें थोडक्यांत असें. शिरूरकडे घर व मंडळी एक होतीं, तेथें श्रद्धा मुलाकडे सोयऱ्याधायऱ्यांच्या हातून, गीतांच्या चालींतून व आईच्या अक्षरांतून आली. शारदासदनांत घर एका धर्माचें आणि आश्रय दुसऱ्या धर्माचा होता, तेथें प्रेमळ माणसांतही तंटा झाला. केडगांवास घरच नव्हतें, तेथें आधीं नातें उभें करावें लागलें. तिन्ही ठिकाणीं मोठ्यांच्या हातीं देण्यासारखें होतें तें एकच, आपलें वागणें मुलाच्या डोळ्यांपुढें उघडें ठेवणें. घेणें न घेणें हें मुलाचें. ही गोष्ट ख्रिस्ती घरासच लागू आहे असें नाहीं. आमच्या स्वतःच्या घरीं संध्या शिकविलेल्या मुलांपैकीं किती जण ती आज करितात, हें आठवलें म्हणजे त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ आम्हांस अधिक कळतो.

आतां मंडळाच्या सभासदांस एक विनंति. हे कागद झपाट्यानें जात आहेत. जुनें घर पाडलें कीं पेटी रद्दीवाल्याकडे जाते. नवें बायबल घेतलें कीं जीर्ण प्रत काढून टाकितात, आणि तिच्याबरोबर कोरीं पानेंही जातात. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत, त्यामुळें त्या पानांवर काय आहे हें कित्येकदां घरच्यांसही माहीत नसतें. अशी प्रत कोठें आढळल्यास ती विकत मागूं नये. तिची जागा त्या घरींच आहे. घरच्यांची अनुमति घेऊन पानांचीं छायाचित्रें घ्यावींत, मोडीचें बाळबोध वाचन करून त्यांस द्यावें, आणि एक प्रत मंडळाच्या दप्तरीं ठेवावी. वाचन करतांना कोरा राहिलेला रकाना मात्र कोराच उतरून घ्यावा. तोही कागदाचाच मजकूर आहे.